गॅसची पेटी उगीच का ओरडते?



पुण्याहून पौड रस्त्याला लागले की चांदणी चौकानंतर भूगाव लागते आणि त्याला लागूनच भुकूम. एका अंगाला भातखाचरे आणि दुसऱ्या अंगाला उंच इमारती, असे या गावाचे आजचे रूप आहे. चुलीची जागा सिलिंडरने घेतली आहे. रस्त्याच्या कडेला ढाबे आणि खानावळी झाल्या आहेत. सिलिंडरच्या पाठोपाठ काही घरांत आता आणखी एक पाहुणी आली आहे. भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक लहानशी पेटी बसवलेली असते. तिच्यावर हिरवा दिवा मिणमिणतो. गॅस गळला की दिवा लाल होतो आणि पेटी भोंगा वाजवते.

अशा पेटीबद्दल बहुधा एकच तक्रार ऐकू येते. गॅस गळत नाही आणि तरी ती ओरडते. कढईतले तेल जळले की ओरडते. आषाढात झड लागली की ओरडते. रात्री वीज गेली आणि पहाटे परत आली की पुन्हा ओरडते. मग सासूबाई म्हणतात, "अगं, तिची पिन काढून ठेव. डोकं उठवलं तिनं!" आणि सूनबाई पिन काढून ठेवतात.

आज या पिन काढण्याबद्दलच बोलायचे आहे. पेटी उगीच का ओरडते, तिच्या आत काय चालते, खरी खबर कोणती आणि नुसती खरखर कोणती, हे घरातल्या माणसांना कळले तर पिन काढण्याची वेळ येणार नाही. आणि ज्या दिवशी ती खरेच ओरडेल, त्या दिवशी कोणी चादर डोक्यावर ओढून झोपणार नाही.

नाक, कंदील आणि पाखरू

गॅस हेरणे ही काही आजची विद्या नव्हे. आपले पहिले यंत्र म्हणजे नाक. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. जो घाण वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या एका द्रव्याचा, मर्कॅप्टनचा. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेत साठलेला नैसर्गिक गॅस पेटला आणि सुमारे तीनशे माणसे दगावली. त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. त्या गॅसला वास नव्हता, म्हणून कोणाला पत्ताच लागला नाही. त्यानंतर गॅसला वास लावण्याचे कायदे झाले.

पण नाकात एक खोट आहे. ते थकते. गोठ्यात शिरल्यावर शेणामुताचा वास क्षणभर येतो आणि मग येईनासा होतो. वास गेलेला नसतो, नाकाने दखल घेणे सोडलेले असते. शेणाच्या टाकीत आणि गटारात सापडणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू तर याहून कपटी आहे. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरच्या आसपास भाग झाले की नाक काही मिनिटांत बधिर होते. माणसाला वाटते, वास गेला, संकट टळले. खरे संकट तिथूनच सुरू होते.

दुसरे यंत्र म्हणजे कंदील. जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा, विझला तर उतरायचे नाही, ही रीत आपल्या वाडवडिलांची. रीत शहाणपणाची होती. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. तो १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. पण ज्योत वाऱ्यानेही थरथरते, वात खराब असली तरी मिचमिचते आणि तेल संपत आले तरी मंदावते. म्हणून जाणता माणूस एका थरथरीवर निर्णय घेत नसे. कंदील स्थिर धरून, थोडा वेळ थांबून, दोन-तीनदा खालीवर करून तो पाहत असे. यातच आजच्या विषयाचे सार आले. थरथर कोणती आणि खूण कोणती, हे ओळखणे.

मात्र इथे एक इशारा. कंदिलाला विषारी वायू कळत नाही, फक्त प्राणवायूची तूट कळते. आणि जिथे शेणाचा गॅस आहे तिथे उघडी ज्योत नेणे म्हणजे स्वतःच भडका उडवणे. गोबरगॅसच्या टाकीशी किंवा स्लरीच्या खड्ड्याशी कंदिलाची परीक्षा कधीही करू नये.

तिसरे यंत्र परदेशातले. इंग्लंडातले खाणकामगार कॅनरी नावाचे पिवळे पाखरू पिंजऱ्यात घालून खाणीत नेत. माणसाच्या आधी त्याला विषारी वायू बाधे. १९८६ साली तिथल्या खाणींतून ही पाखरे काढून त्यांच्या जागी यंत्रे आणण्याचे ठरले. आपल्या भिंतीवरची पेटी ही त्याच यंत्रांच्या कुळातली.

पेटीच्या पोटात काय असते?

आता पेटी उघडून पाहू, अर्थात मनातल्या मनात.

भांड्यांना कल्हई करतात ते कथील सर्वांना माहीत आहे. त्या कथिलाचा प्राणवायूशी संयोग झाला की पांढरट भुकटी होते. तिला टिन ऑक्साइड म्हणतात. घरगुती पेट्यांत बहुधा या भुकटीचा एक बारीकसा थर असतो. खाली लहान तापक असतो आणि तो थराला काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवतो. ही युक्ती जपानच्या नाओयोशी तागुची यांची. १९६२ साली त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिथेही घरोघर सिलिंडर आले होते आणि स्फोट होत होते. त्या गरजेतूनच ही वस्तू जन्मली.

ती चालते कशी? पाटाचे पाणी डोळ्यांपुढे आणा. भुकटीच्या कणांमधून वीज वाहते, जशी ढेकळांमधून पाण्याची धार. स्वच्छ हवेतला प्राणवायू या तापलेल्या कणांवर येऊन बसतो आणि कणांतले काही वीजकण स्वतःकडे ओढून धरतो. म्हणजे दोन ढेकळांच्या मध्ये जणू मातीचा बांध घातला जातो. धार बारीक होते. आता गॅस आला की तो त्या प्राणवायूला गाठतो, त्याच्याशी जळून जातो आणि अडकलेले वीजकण मोकळे होतात. बांध फुटतो, धार वाढते. पेटीतले यंत्र ही धार सारखे मोजत असते. ती ठरलेल्या खुणेच्या वर गेली की भोंगा वाजतो.

इतके सोपे आहे तर मग चूक कुठे होते?

धार कधीच स्थिर नसते

चूक अशी की ही धार कधीच एकसारखी नसते. गॅस नसला तरी ती किंचित वर-खाली होत राहते. जुन्या रेडिओवर आकाशवाणीची बातमी ऐकताना मागे खरखर चाले, ती आठवा. वीज कडाडली की खरखर वाढे, आणि लांबचे केंद्र लावले की बातमी खरखरीत बुडून जाई. मोजण्याच्या प्रत्येक यंत्रात अशी खरखर असते. गॅस हेरणाऱ्या पेटीतही ती असते. तिची कारणे एकेक करून पाहू.

पहिले कारण, प्राणवायूचे येणे-जाणे. जोंधळ्याच्या शेतावर चिमण्यांचा थवा बसलेला असतो. थवा तोच दिसतो, पण काही चिमण्या उडत असतात आणि काही नव्याने बसत असतात. शंभर चिमण्या आहेत असे म्हटले तरी या क्षणी सत्त्याण्णव असतील आणि पुढच्या क्षणी एकशे चार. कणांवरचा प्राणवायू असाच सारखा बसतो आणि उडतो. त्याबरोबर धारही हलते.

दुसरे कारण, उष्णता. कोणत्याही वस्तूतले वीजकण उष्णतेमुळे चुळबुळत असतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेचे जॉन्सन यांनी ही चुळबुळ मोजली आणि नायक्विस्ट यांनी तिचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. यंत्र कितीही चांगले करा, ही चुळबुळ पुरती थांबत नाही. पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखी ती अखंड चालू असते.

तिसरे कारण जरा निराळे आहे. काही चढउतार फार हळू होतात. मिनिटामिनिटाला नाही, तर तासातासाला, दिवसादिवसाला. विहिरीची पातळी जशी आज काल सारखीच वाटते आणि महिन्याने पाहावे तर वीतभर सरकलेली असते, तसे. जितका संथ तितका मोठा, असा या चढउताराचा स्वभाव असतो. जॉन्सन यांनाच १९२५ साली रेडिओच्या जुन्या दिव्यांत तो दिसला होता. भुकटीच्या कणांचे एकमेकांना टेकलेले सांधे हे या पेटीत त्याचे मोठे घर आहे.

चौथे कारण म्हणजे पासंग बिघडणे. वाण्याचा तराजू रिकामा असतानाच एका बाजूला कलला तर माल किती खरा मोजला जाईल? पेटी जुनी होते, कणांवर घाण बसते, तापक थकतो आणि रिकाम्या हवेतली धार मुळातच सरकते. केसांना लावायची काही आधुनिक द्रव्ये, फटी बुजवायचे सिलिकॉन यांची वाफ थरावर बसली तर तो थर कायमचा बिघडू शकतो.

भुकूमचे वर्ष आणि पेटीचे वर्ष

ही झाली पेटीच्या आतली कारणे. बाहेरची कारणे तुमच्या गावच्या ऋतूंत आहेत.

मुळशीचा पाऊस सांगायला नको. भुकूमला आषाढ-श्रावणात भिंती पाझरतात, पापड मऊ पडतात, मीठ पाणी सोडते. हीच ओल पेटीतही शिरते. हवेतली वाफ कथिलाच्या कणांवर बसली की धार वाढते, अगदी थोडा गॅस आल्यासारखी. चैत्रात मुकाट बसलेली पेटी आषाढात कुरकुर करते, त्याचे एक कारण हे. पेटी खोटे बोलत नाही. तिला वाफ आणि गॅस यांत फरक करता येत नाही, इतकेच. चांगल्या पेटीत ओल आणि उष्णता मोजून हिशेबात दुरुस्ती करण्याची सोय असते, स्वस्त पेटीत नसते.

मग राब. भाताच्या रोपांसाठी पावसाआधी पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि असे इतर वायू असतात. थराला तेही थोडेफार समजतात. खिडकीतून धूर आत आला तर पेटी बोलली म्हणून तिला दोष देता येणार नाही. तीच गत जळलेल्या तेलाची, अगरबत्तीच्या दाट धुराची, स्पिरिटची आणि रंगकामाच्या पातळ तेलाची. जे जळू शकते ते सगळे या पेटीला गॅसच्या जातीचे वाटते, कमीअधिक इतकेच.

आणि वीज. वीज गेली की तापक गार होतो. गार थरावर ओल आणि इतर वाफा बसून राहतात. वीज आली की थर तापतो, बसलेले सगळे उडून जाते आणि तेवढ्या वेळात धार वेडीवाकडी वाहते. म्हणून वीज आल्यावर काही मिनिटे पेटीचे बोलणे पक्के धरू नये, असे तिच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पण वास येत असेल तर मात्र त्या मिनिटांतही तो गॅसच समजावा. कमी दाबाच्या विजेवर तापक नीट तापत नाही, मग पेटी बहिरी होते. ओरडणाऱ्या पेटीपेक्षा बहिरी पेटी वाईट. कारण हिरवा दिवा पाहून आपण निर्धास्त असतो.

कोंडा उडवायचा, दाणा राखायचा

मग यंत्र करणारे लोक यावर काय करतात? आपण खळ्यावर करतो तेच. उफणणी.

एक उपाय सरासरीचा. म्हशीने एके दिवशी अर्धा लिटर दूध कमी दिले म्हणून कोणी तिला बाजार दाखवत नाही. आठ दिवसांचे पाहतो आणि मग ठरवतो. पेटीही एका मोजणीवर न थांबता अनेक मोजण्यांची सरासरी घेते. चार मोजण्यांची सरासरी घेतली की झटपट चालणारी खरखर निम्मी होते, शंभर मोजण्यांची घेतली की दहावा हिस्सा राहते. पण याला दोन मर्यादा आहेत. विहिरीच्या पातळीसारखे जे संथ सरकणे सांगितले, ते सरासरीने जात नाही. आणि सरासरीला वेळ लागतो. गॅस गळत असताना पेटी पंधरा मिनिटे सरासरीच काढत बसली तर तिचा उपयोग काय?

दुसरा उपाय खूण नीट ठरवण्याचा. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण दोन टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. म्हणून भोंगा त्याच्या बराच आधी, त्या प्रमाणाच्या लहानशा हिश्श्यावर वाजला पाहिजे. खूण फार खाली ठेवली तर पेटी खरखरीलाच गॅस समजून ओरडते. फार वर ठेवली तर खरा गॅस निसटून जातो. राखणीच्या कुत्र्याचे असेच असते. पान हलले तरी भुंकणारा नको, आणि चोर अंगणात आला तरी डोळा न उघडणारा तर नकोच नको. दोघांत निवड करायचीच असेल तर मात्र भुंकणारा बरा.

गंमत पहा, खरखर ही नुसती टाकाऊ नसते. दारात कोण आले हे आपण पावलांवरून ओळखतो. थोरल्याची चाल निराळी आणि धाकट्याची निराळी. तसेच वेगवेगळे वायू कणांवर वेगवेगळ्या रीतीने बसतात-उठतात आणि धारेची थरथर निरनिराळी करतात. लास्लो किश या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २००० सालापासून हा विचार पुढे नेला. थरथर गाळून टाकण्याऐवजी तिचाच अभ्यास करायचा आणि तिच्यावरून वायू ओळखायचा. घरच्या पेटीत ही विद्या रुळलेली नाही, पण दिशा नवी आहे.

आपल्याकडेही या वस्तूंवर काम झाले आहे. भुकूमच्या परिसरातून निघणारी रामनदी ज्या पाषाणकडे वाहत जाते, त्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कथिलाच्या थरांवर संशोधन झाले. खानदेशात अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात अमोनियासारखे वायू हेरणाऱ्या जाड थरांवर काम झाले. तालुक्याच्या गावी बसूनही असे संशोधन होते, हे आपल्या मुलामुलींना जरूर सांगावे.

सवय हा खरा शत्रू

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पेटी उगीच ओरडते यात मोठे नुकसान नाही. तिचे ओरडणे अंगवळणी पडणे, हे नुकसान. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्या गोष्टीत पोरगा खोटे बोलत होता. पेटी खोटे बोलत नाही, तिला फक्त फरक कळत नाही. पण ऐकणाऱ्यांची चूक दोन्हीकडे तीच.

भोपाळची आठवण ठेवा. १९८४ च्या डिसेंबरातली ती रात्र, दोन तारखेची. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात लहानसहान गळती नवी नव्हती. डोळे चुरचुरले की समजायचे, कुठेतरी वायू गळतो आहे. त्या रात्रीही मध्यरात्रीच्या आधी कामगारांचे डोळे चुरचुरले. खबर वर दिली गेली, पण चहानंतर बघू असे ठरले. तो चहा होईतो टाकी आवरण्याच्या पलीकडे गेली होती. पुढे हजारो माणसे गेली. त्या दुर्घटनेला कारणे अनेक होती, बंद ठेवलेली सुरक्षा यंत्रे हे त्यांतले मोठे. पण नेहमीचेच आहे असे म्हणून खूण खरखरीत जमा केली गेली, हेही त्यांतलेच एक.

इतके लांब कशाला? एप्रिल २०२४ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी, शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला आणि परतला नाही. त्याला वाचवायला दुसरा उतरला, मग तिसरा. एकामागून एक पाच जण गेले. तिथे ना पेटी होती ना कंदील. जीव लावून धावलेली माणसे होती, आणि डोळ्यांना न दिसणारा वायू होता. पहिला माणूस खाली कोसळला, हीच सर्वांत मोठी खूण होती. पण घाईत आणि मायेत ती कोणाला वाचता आली नाही.

म्हणून विहीर, स्लरीचा खड्डा, गोबरगॅसची टाकी, गटार यांत कोणी कोसळले तर पाठोपाठ उतरू नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. वरून दोर टाका, माणसे गोळा करा, अग्निशमन दलाला बोलवा. असल्या जागी मुळात उतरूच नये. उतरणे अटळच असेल तर ते काम जाणकारांचे. तपासणी वायुमापकाने झालेली असावी, बाहेरून ताजी हवा पुरवलेली असावी, कमरेला दोर असावा आणि दोर धरणारी माणसे वर उभी असावीत.

घरी काय करावे?

पेटी घ्यायचीच असेल तर कोणत्या गॅससाठी आहे ते पाहून घ्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. म्हणून पेटी खाली, जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर बसवतात. शेगडीच्या अगदी शेजारी, मोरीच्या वाफेत किंवा दाराच्या वाऱ्यात ती बसवू नका. सिलिंडरची पेटी कोळशाच्या शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड सांगेल, या भरवशावर राहू नका. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये, हा नियम पेटी असली तरी पाळायचाच.

पेटीची वही ठेवा. दुधाचा हिशेब लिहिता तशीच. कधी ओरडली, घरात काय चालले होते, पाऊस होता का, वीज नुकतीच आली होती का, एवढे चार शब्द लिहा. महिना-दोन महिन्यांत तुमच्या पेटीचा स्वभाव कळेल. दर वेळी फोडणीलाच ओरडत असेल तर जागा बदला. झडीतच ओरडत असेल तर ओल आहे. आणि कारण सापडत नसताना, वेळी-अवेळी, पुन्हा पुन्हा ओरडत असेल तर नळी, वायसर आणि रेग्युलेटर तपासून घ्या. साबणाचा फेस सांध्यावर लावा. बुडबुडा फुगला तर गळती आहे. काडी ओढून तपासण्याचे धाडस मात्र कधीही करू नका.

पेटीवरचे बटण दाबले की भोंगा वाजतो. त्याने बहुधा भोंगा आणि वीज ठीक आहे एवढेच कळते, आतला थर जिवंत आहे की नाही ते कळत नाही. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठराविक काळाने जाणकाराकडून तपासणी करून घ्या. पेटीवर मुदत लिहिलेली असते. ती संपली की पेटी बदला. हिरवा दिवा लागतो म्हणून जुनी पेटी वर्षानुवर्षे ठेवणे म्हणजे म्हाताऱ्या, बहिऱ्या राखणदाराच्या भरवशावर खळे सोडून जाणे.

आणि पेटी ओरडली की खरे-खोटे नंतर पाहा. आधी हे करा. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा. दारे-खिडक्या उघडा. विजेचे कोणतेही बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, कारण दोन्हींत ठिणगी पडते. पेटीची पिनही त्या वेळी ओढू नका. देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवा. मुलांना आणि म्हाताऱ्यांना घराबाहेर काढा. बाहेर जाऊन मग फोन करा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. तो पेटीशेजारी भिंतीवर ठळक लिहून ठेवा. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात. उगीच ओरडली असेल तर पाच मिनिटे गेली, खरेच ओरडली असेल तर घर वाचले. इतका स्वस्त सौदा बाजारात मिळणार नाही.

सासूबाईंना एवढेच सांगणे आहे की पेटी ओरडली म्हणून रागावू नका. ती लहान मुलासारखी आहे. भूक लागली तरी रडते, झोप आली तरी रडते, विंचू चावला तरी रडते. आई रडण्याचा कंटाळा करून कानात बोळे घालत नाही. ती उठते, पाहते आणि हळूहळू कोणते रडणे कशाचे ते ओळखायला शिकते. पेटीच्या बाबतीतही शिकायचे ते एवढेच. ज्यांनी पिन काढून ठेवली असेल त्यांनी आज दिवेलागणीच्या आत ती पुन्हा लावावी.